पायात ब्लॉकेज आहे आणि डॉक्टर म्हणतात चाला: पण चालायचं कसं?

डॉक्टर डॉप्लरचा रिपोर्ट बघतात, "पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे, गोळ्या सुरू करा आणि रोज चाला" म्हणतात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. आपण बाहेर येतो आणि मग डोक्यात चक्र सुरू होतं. चाललं की दुखतं, मग चालायचं कसं? दुखायला लागल्यावर थांबायचं की रेटायचं? घरचे म्हणतात आराम करा. शेजारचे म्हणतात एक तेल आहे, चोळून बघा.

मी कोल्हापुरात राहतो, बँकेतून निवृत्त झालोय, मधुमेह जुना आहे आणि या सगळ्या गोंधळातून गेलोय. जे करून पाहिलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं आणि वाचलं, ते इथे क्रमाने मांडतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांचे डोस इथे शोधू नका.

आजाराचं पूर्ण नाव पेरिफेरल आर्टरी डिसीज. चिठ्ठीवर पीएडी किंवा पीव्हीडी असं लिहिलेलं असतं. हृदयाच्या धमन्यांत चरबीचा आणि चुन्याचा जो थर साचतो, तोच इथे पायाकडे जाणाऱ्या धमन्यांत साचतो. बसलेलं असताना स्नायूंना थोडंच रक्त लागतं, ते मिळून जातं. चालायला लागलं की मागणी कितीतरी पटीने वाढते, पुरवठा वाढत नाही, आणि पोटरीत गोळा येतो.

१. आधी खात्री करा की दुखणं रक्तपुरवठ्याचंच आहे

साठीनंतर पाय दुखायची कारणं ढीगभर असतात. एकाच माणसाला दोन-तीन असू शकतात. तरी या दुखण्याची एक ओळख आहे: ठरावीक अंतर चाललं की पोटरी (कधी मांडी किंवा ढुंगण) आवळल्यासारखी होते, नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत उतरते आणि पुन्हा तेवढंच अंतर चाललं की परत येते. अंतर जवळजवळ ठरलेलं असतं. चढावर ते कमी होतं.

मणक्यातली जागा अरुंद झाल्यामुळे होणारं दुखणं याच्यासारखंच वाटतं, पण ते उभं राहून जात नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. म्हणूनच काही लोकांना सायकल चालवताना काही होत नाही आणि चालताना पाय भरून येतात. गुडघ्याचं दुखणं पहिल्या पावलाला आणि जिना उतरताना जास्त जाणवतं. पायावर निळ्या, फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा दिसत असतील तर ते व्हेरिकोज व्हेन्स. तो वेगळाच आजार. तिथे रक्त वर परत जायला त्रास होतो, इथे खाली यायला.

हा फरक जपून ठेवा, कारण पहिला सापळा इथेच आहे. व्हेरिकोज व्हेन्ससाठी मिळणारे घट्ट, लांब मोजे दुकानदार "पायाच्या नसांसाठी" म्हणून कुणालाही देतो. धमनीत मोठा अडथळा असेल तर बाहेरून दाबणारे हे मोजे आहे तोही पुरवठा कमी करतात. डॉक्टरांनी पायाचा दाब मोजून सांगितल्याशिवाय घालू नका.

दुखणं ढुंगणात आणि मांडीत असेल तर अडथळा वर, पोटाच्या खालच्या भागातल्या मोठ्या धमनीत असण्याची शक्यता असते. पुरुषांमध्ये त्याच्याबरोबर लिंगाच्या ताठरतेचा त्रासही येऊ शकतो. लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा, त्यावरून त्यांना जागा कळते.

आणि मधुमेह बराच जुना असेल तर? पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग गोळा येतच नाही. नुसते पाय जड होतात किंवा "चालवत नाही" एवढंच वाटतं. न दुखणं म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका.

२. तपासण्या: कोणती आधी, कोणती नंतर

पहिली तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केली जाणारी. हाताचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजायचा आणि घोट्याचा आकडा हाताच्या आकड्याने भागायचा. याला एबीआय म्हणतात. दोन हातांपैकी ज्याचा वरचा आकडा जास्त तो घेतात. समजा हाताचा १४० आणि उजव्या घोट्याचा ९८ आला, तर उजव्या पायाचा एबीआय ०.७०.

१.०० ते १.४० नेहमीचा, ०.९१ ते ०.९९ काठावरचा, ०.९० किंवा त्याखाली आजार आहे असं धरतात. १.४० च्या वर आला तर आनंद मानू नका. मधुमेहात आणि किडनीच्या आजारात धमन्यांच्या भिंतीत चुना साचून त्या कडक होतात, पट्ट्याने दबतच नाहीत आणि आकडा खोटा मोठा येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा. तोही हाताच्या आकड्याने भागतात, आणि तिथे ०.७० किंवा कमी म्हणजे अडथळा.

बसल्या जागी एबीआय बरा आला पण लक्षणं मात्र अगदी वर लिहिल्यासारखी आहेत, असंही होतं. तेव्हा चालायला लावून लगेच पुन्हा मोजतात.

औषध कंपन्यांच्या शिबिरात "पायाची तपासणी मोफत" असा फलक असतो आणि तळव्याला थरथरणारी कांडी लावतात. ती नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, संवेदनेची तपासणी आहे. चांगली आहे, करून घ्या. पण रक्तपुरवठ्याबद्दल ती काहीही सांगत नाही. "माझी पायाची टेस्ट झालीय" म्हणून निर्धास्त बसलेले बरेच जण मला भेटले.

त्यापुढे डॉप्लर सोनोग्राफी, तिच्यात अडथळा कुठे आणि किती ते कळतं. सीटी अँजिओग्राफी साधारण तेव्हाच करतात जेव्हा अँजिओप्लास्टी किंवा बायपासचा विचार असतो. त्यात शिरेतून औषध देतात, म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासावं लागतं, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर ते सांगावं लागतं.

जाताना ही पिशवी भरून न्या:

- जुने डॉप्लर, ईसीजी, टू-डी इको
- अलीकडचे एचबीए१सी, कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिनचे रिपोर्ट
- चालू गोळ्यांची यादी, त्यापेक्षा गोळ्यांच्या स्ट्रिपच
- किती चाललं की दुखतं, कुठे दुखतं आणि किती वेळात थांबतं, हे कागदावर लिहून
- आधार कार्ड, रेशन कार्ड, विम्याचे कागद

रेशन कार्ड अशासाठी, की पुढे ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याच्या आधी विचारता येतं. योजना कॅशलेस आहे. बिल भरून झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

भेटायचं कुणाला? व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचे सर्जन, मोठ्या शहरांतच असतात. आमच्या बाजूच्या लोकांना कोल्हापूर, मिरज किंवा थेट पुणे. पण एबीआय आणि पहिल्या गोळ्यांसाठी तिथपर्यंत अडून बसायची गरज नाही, चांगला फिजिशियन ते करतो.

३. चालायला सुरुवात करण्याआधी परवानगी घ्या

पायाच्या धमन्यांत थर साचलेला माणूस म्हणजे हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचलेला असण्याची दाट शक्यता. आजवर पोटरीच आधी थांबवत होती म्हणून छातीवर कधी ताण आला नसेल. चालणं वाढलं की छातीचं दुखणं पहिल्यांदा डोकं वर काढू शकतं. म्हणून ईसीजी आणि डॉक्टरांना वाटलं तर स्ट्रेस टेस्ट आधी.

पुढच्यापैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी सर्जनकडे जा: पायावर न भरणारी जखम, बोट काळं किंवा निळसर पडणं, रात्री झोपेत पाय दुखून जाग येणं आणि पलंगाखाली पाय सोडल्यावर बरं वाटणं. शेवटचं लक्षण लोक फार हलक्यात घेतात, कारण पाय खाली सोडला की खरंच आराम पडतो. तो आराम म्हणजे रक्त केवळ उतारामुळे खाली पोचतंय याची खूण आहे. या टप्प्यावर चालण्याने भागत नाही, रक्तपुरवठा उघडावा लागतो.

४. पायात काय घालायचं आणि जागा कोणती निवडायची

कोल्हापुरात राहून हे लिहिताना जिवावर येतं, पण कोल्हापुरी चप्पल या पायासाठी नाही. नवी असताना ती चावते, आपण म्हणतो दोन दिवसांत बसेल, आणि तेवढ्यात पडलेला फोड इथे महिनोन्महिने भरत नाही. स्पोर्ट्स शूज घ्या, पुढून रुंद, आतून शिवण न टोचणारे. संध्याकाळी खरेदी करा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो आणि खरं माप मिळतं. घालण्याआधी हात घालून आत खडा नाही ना हे बघायचं, रोज. मोजे सुती, रबर सैल असलेले.

अनवाणी चालणं बंद, घरातसुद्धा. देवळात जाताना मोजे घालून जा. एप्रिल-मेमध्ये देवळाच्या फरशीवर बधिर तळवा भाजतो आणि घरी येईपर्यंत कळत नाही. अंबाबाई रागावणार नाही.

जागा सपाट हवी, थोड्या थोड्या अंतरावर टेकायला बाक किंवा कठडा हवा. मला रंकाळा त्यासाठी सोयीचा पडतो. गावात असाल तर शाळेचं मैदान, पारापासून पारापर्यंतचा रस्ता, एसटी स्टँड, काहीही चालेल. टेकायला जागा नसली की मनात धाकधूक राहते आणि माणूस दुखायच्या आधीच परत फिरतो. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. पावसाळ्यात सोसायटीचं पार्किंग, मॉल किंवा ट्रेडमिल. ट्रेडमिलवर ताशी ३ किलोमीटरच्या आसपास सुरुवात करतात आणि वेग वाढवण्याऐवजी चढ वाढवतात.

५. प्रत्यक्ष चालणं: दुखेपर्यंत, मग थांबा, मग पुन्हा

पायरी सगळ्यात महत्त्वाची हीच, आणि चुकीचा सल्लाही सगळ्यात जास्त इथेच मिळतो.

दुखण्याला शून्य ते चार गुण द्यायला शिका. शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे आत्ता कुठे जाणवायला लागलं. दोन म्हणजे दुखतंय, पण गप्पा मारत चालता येतंय. तीन म्हणजे गप्पा बंद, सगळं लक्ष पोटरीवर. चार म्हणजे पाऊल टाकवत नाही.

अशा वेगाने चाला की तीन ते पाच मिनिटांत पोटरी धरायला लागेल. दुखणं दोनच्या पुढे तीनपर्यंत जाऊ द्या, मग थांबा. चारची वाट बघायची नाही. उभे राहा किंवा बसा, कळ पूर्ण उतरू द्या, आणि पुन्हा चाला. चालणं आणि थांबणं धरून सुरुवातीला अर्धा तास झाला तरी पुष्कळ. दर आठवड्याला काही मिनिटं वाढवत पाऊण-एक तासापर्यंत न्या. आठवड्यातून किमान तीन दिवस आणि किमान १२ आठवडे. हे पथ्य डॉक्टरांच्या मार्गदर्शक तत्त्वांतलंच आहे, माझ्या मनाचं नाही.

जेव्हा त्याच वेगात आठ-दहा मिनिटं न दुखता जाता येईल, तेव्हा आपण जिंकलो म्हणून तसंच चालत राहू नका. वेग वाढवा किंवा थोडा चढ घ्या, म्हणजे दुखणं परत तीन-पाच मिनिटांत येईल. नेमकं इथेच लोक आळसावतात.

"पण दुखत असताना चाललं तर स्नायू खराब नाही का होणार?" मलाही ही भीती होती, आणि घरच्यांना माझ्यापेक्षा जास्त. साध्या चालण्याच्या दुखण्याने, जे थांबल्यावर दहा मिनिटांच्या आत जातं, पाय खराब होत नाही. उलट दुखण्याच्या आत-आत चालण्याने फारसं हाती लागत नाही, याचा चांगला पुरावा आहे. शिकागोच्या मेरी मॅकडरमॉट आणि सहकाऱ्यांनी ३०५ रुग्णांचे गट केले. एका गटाला घरच्या घरी दुखेल इतक्या जोराने चालायला सांगितलं, दुसऱ्याला आरामात, दुखणार नाही असं, आणि तिसऱ्याला चालण्याचा कार्यक्रमच दिला नाही. वर्षभराने पहिला गट सहा मिनिटांत सुमारे ३५ मीटर जास्त चालू लागला. आरामात चालणारे, अजिबात कार्यक्रम नसलेल्यांपेक्षा काही फार पुढे नव्हते. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. शतपावली पचनाला चांगली असेल, या आजाराला ती पुरत नाही.

दुखण्यातून चालण्याने नेमकं होतं काय? अडथळा विरघळत नाही. हे आधीच समजून घ्या, नाहीतर तीन महिन्यांनी एबीआय तेवढाच आला की हिरमोड होतो. फायदा दुसरीकडे होतो. धमनीच्या आत पेशींचं एक पातळ अस्तर असतं. रक्त जोराने वाहिलं की ते या अस्तरावर घासतं आणि अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं. त्याने धमनी सैल होते, रुंदावते. या शोधासाठी १९९८ मध्ये तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं होतं. नियमित व्यायामाने अस्तराची ही क्षमता सुधारते. शिवाय पोटरीचा स्नायू मिळालेल्या रक्तातला प्राणवायू जास्त चांगला वापरायला शिकतो आणि चालण्याची ढबही सुधारते. रक्त तेवढंच, पण काम जास्त. घरात पगार तोच असताना महिना नीट भागायला लागतो, तसं.

मधुमेहामुळे दुखणंच जाणवत नसेल तर गुण देण्याची पद्धत निरुपयोगी ठरते. तेव्हा पाय जड होण्यावर किंवा घड्याळावर चालायचं, आणि घरी आल्यावर तळवे जास्त काळजीने बघायचे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेत असाल तर खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. घाम फुटून थरथर सुटली तर ती पायाची नव्हे, साखर उतरल्याची खूण.

छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला तर चालणं तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना गाठा.

गुडघ्यामुळे किंवा एक पाय गमावल्यामुळे चालताच येत नसेल तर हाताने फिरवायची सायकल असते. हातांच्या व्यायामानेसुद्धा पुढे चालण्याची ताकद वाढल्याचं दिसलं आहे. फिजिओथेरपिस्टला विचारा.

देखरेखीखालचे चालण्याचे वर्ग आपल्याकडे फार कमी आहेत. हृदयरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रात किंवा फिजिओथेरपिस्टकडे सोय होते का, चौकशी करा. पहिले काही दिवस जरी कुणाच्या नजरेखाली झाले तरी भीती मोडते. मुलांकडे अमेरिकेत राहणाऱ्या आणि मेडिकेअर (तिथली सरकारी आरोग्य विमा योजना) असलेल्या ज्येष्ठांसाठी २०१७ पासून १२ आठवड्यांत ३६ सत्रांचा खर्च त्या योजनेत धरला जातो. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते, ती मागून घ्या.

६. उरलेल्या दिवसाचं काय

सकाळी पाऊण तास चालून दिवसभर खुर्चीत बसणं, ही निवृत्तांची खास सवय. बसलं की गुडघ्यामागे धमनी दुमडते, पायातला प्रवाह मंदावतो आणि वर सांगितलेलं अस्तर सुस्तावतं. निरोगी तरुणांवर झालेल्या प्रयोगात तीन तास सलग बसल्यावर पायाच्या धमनीची रुंदावण्याची क्षमता घटली. तासातून पाच मिनिटं सावकाश चालणाऱ्यांची घटली नाही. आणखी एका प्रयोगात बसल्या बसल्या एकच पाय अधूनमधून हलवत ठेवायला सांगितला होता. हललेला पाय चांगला राहिला, दुसरा नाही. आपल्याकडे बसून पाय हलवला की म्हातारी माणसं ओरडायची, घरातली लक्ष्मी जाते म्हणून. हलवा खुशाल.

हे प्रयोग आपल्यासारख्या रुग्णांवरचे नाहीत, पण करायला काही लागत नाही आणि तोटाही नाही. मी मालिकेच्या जाहिराती लागल्या की उठतो. कीर्तनाला, लग्नाच्या पंगतीला, एसटीच्या लांबच्या प्रवासात मध्ये उठा, टाचा वर-खाली करा. भाजीला चालत जा. रिक्षा दोन वळणं आधी सोडा.

मात्र यातला सापळा महिलांसाठी खास आहे: "दिवसभर घरात पायावरच असते की मी!" स्वयंपाकघर ते देवघर हे चालणं बसण्यापेक्षा केव्हाही बरं, पण त्यात सलग पाच मिनिटं कधीच होत नाहीत, पोटरी धरायची वेळच येत नाही. पायरी पाचमधलं चालणं त्याने वाचत नाही.

७. वही ठेवा

मोबाइलवरच्या पावलांच्या आकड्यापेक्षा तीन गोष्टी लिहा: पहिली कळ कुठे आली, थांबावं कुठे लागलं, उतरायला किती वेळ लागला. "दुसऱ्या बाकापाशी" असं लिहिलं तरी चालेल. महिन्यातून एकदा सपाट जागी सहा मिनिटांत किती अंतर होतं ते मोजा. थांबावं लागलं तर थांबा, घड्याळ मात्र चालू ठेवा. रोजचा फरक बघू नका, थंडी, झोप, साखर, सगळ्याने तो हलतो. महिन्याचा बघा.

८. तंबाखू आणि गोळ्या

तंबाखू चालू ठेवून बाकी सगळं करणं म्हणजे वेळ घालवणं. विडी-सिगारेट या आजाराचं सगळ्यात मोठं कारण आहे. आणि डॉक्टरांनी "धूम्रपान करता का?" विचारल्यावर मिश्री लावणारी बाई "नाही" म्हणते, चुना-तंबाखू खाणारा "नाही" म्हणतो. दोघंही खोटं बोलत नाहीत, पण डॉक्टरांपर्यंत खरं पोचत नाही. आपणहून सांगा. सोडण्यासाठी १८००-११२-३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

चाळिशीच्या आतल्या विडी ओढणाऱ्या पुरुषाची बोटं काळी पडायला लागली तर तो बर्जर हा वेगळा आजार असू शकतो. तिथे तंबाखू पूर्ण बंद करणं हाच मुख्य उपचार आहे. दिवसाला एक विडीसुद्धा चालत नाही.

गोळ्या साधारण तीन प्रकारच्या असतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, थर स्थिर राहावा म्हणून स्टॅटिन, आणि चालण्याचं अंतर वाढावं म्हणून सिलोस्टॅझोल. पहिल्या दोन प्रकारच्या गोळ्या पायाबरोबर हृदय आणि मेंदू वाचवतात, त्यामुळे "पाय बरा वाटतोय" म्हणून बंद करायच्या नाहीत. तिसरीने काहींना डोकेदुखी, धडधड, जुलाब होतात. आणि हृदय कमजोर असल्याचं, म्हणजे हार्ट फेल्युअरचं निदान असेल तर ती घ्यायचीच नसते. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर टू-डी इकोचा रिपोर्ट समोर ठेवा, तो पिशवीत याचसाठी आहे.

९. रोज रात्री दोन मिनिटं पाय बघणे

तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा नातवाला बघायला लावा. धुतल्यावर बेचक्या कोरड्या करा. भेगांना व्हॅसलिन चालेल, बेचक्यांत नको. नखं सरळ कापा, कोपरे खोल घेऊ नका.

या चार गोष्टी करू नका: गरम पाण्याच्या पिशवीने शेक, पायाजवळ हीटर, कुरपावर मेडिकलमधली पट्टी, आणि ब्लेडने कुरूप कापणं. थंडीत पाय गार पडले की शेकायची इच्छा होते. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही आणि रक्त कमी असल्याने ते भरत नाही. लोकरीचे मोजे घाला. दिवाळीच्या पहाटेचं कडकडीत पाणीसुद्धा आधी कोपराने बघा. कुरपाच्या पट्टीत आम्ल असतं, ते चांगली कातडीही खातं.

आणि एक आणीबाणी. पाय अचानक खूप दुखायला लागला, पांढराफटक आणि गार पडला, बधिर झाला, बोटं हलेनाशी झाली, तर धमनी एकाएकी बंद झालेली असू शकते. हातात काही तासच असतात, साधारण सहा. चोळू नका, शेकू नका, सकाळची वाट बघू नका. जिथे व्हॅस्क्युलर सर्जन आहे अशा रुग्णालयात थेट जा. १०८ ची गाडी बोलावता येते. त्या रुग्णालयाचं नाव आणि फोन नंबर आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

१०. तीन महिन्यांनी

वही घेऊन डॉक्टरांकडे जा. अंतर वाढलं असेल, आणि रोजची कामं होत असतील, तर नुसता रिपोर्टवर ब्लॉकेज दिसतोय म्हणून अँजिओप्लास्टीची घाई नसते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या क्लेव्हर नावाच्या अभ्यासात पोटाच्या खालच्या मोठ्या धमनीत अडथळा असलेल्या रुग्णांची तुलना केली होती. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर चालण्याचा वेळ स्टेंट घातलेल्यांपेक्षा देखरेखीखाली चालणाऱ्यांचा जास्त वाढला होता. स्टेंटवाल्यांनाही आराम पडलाच होता, त्यामुळे तो उपाय वाईट असं नाही. पण "कशासाठी, आत्ताच का, न केल्यास काय" हे तीन प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि वहीतले आकडे हातात असले की डॉक्टरही उत्तर सविस्तर देतात.

नियमित चालूनही अंतर वाढलं नसेल, किंवा कामधंदाच थांबत असेल, तर अँजिओप्लास्टीचा विचार जरूर करा. नंतर चालणं कधी सुरू करायचं ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. तो पाय मोकळा झाला तरी बाकीच्या धमन्या त्याच असतात.

खंड पडतोच. सर्दी-ताप, मुलीचं बाळंतपण, गणपती. दोन-तीन आठवडे सुटलं तर जिथे सोडलं तिथून धरू नका. वहीत महिनाभर मागे जा, तेव्हाचा वेग आणि वेळ घ्या आणि तिथून पुढे चाला.